मालकी तिकडे, तहान इकडे

बंगालच्या उपसागरात, म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यासमोर, श्वे नावाचे वायुक्षेत्र आहे. २००४ मध्ये तिथे मोठा साठा सापडला तेव्हा दोन भारतीय सरकारी कंपन्या त्या क्षेत्रात भागीदार होत्या. ओएनजीसी विदेशचा हिस्सा २० टक्के होता आणि गेलचा १० टक्के. बांगलादेशातून वाहिनी टाकून हा वायू पश्चिम बंगालमध्ये आणायचा, असा बेत होता. जानेवारी २००५ मध्ये यांगूनला तिन्ही देशांचे मंत्री त्यासाठी एकत्र बसले. मग ढाक्याने अटी घातल्या, दिल्लीला त्या मानवल्या नाहीत, बांगलादेश टाळून ईशान्य भारतातून वळसा घेणारा मार्ग फार महाग वाटला आणि या घोळात वर्षे निघून गेली. २००८ मध्ये चीनने खरेदीचा करार केला. २०१३ च्या जुलैपासून श्वेचा वायू म्यानमार ओलांडणाऱ्या सुमारे आठशे किलोमीटरच्या वाहिनीतून युन्नानकडे जातो आहे. त्या वाहिनीतही ओएनजीसी विदेश आणि गेल यांचा थोडा वाटा आहे. विहिरीत भारताचा पैसा, वाहिनीत भारताचा पैसा आणि चूल मात्र चीनमधली पेटते.

हा व्यवहार तोट्याचा नाही. कंपन्यांना त्यातून उत्पन्न मिळते आणि ताळेबंदात ते दिसते. पण केवळ उत्पन्न मिळवणे हे ओएनजीसी विदेशचे काम नव्हे. देशाला परदेशातून तेल आणि वायूचा हक्काचा आधार मिळावा यासाठी ही कंपनी आहे. म्हणून परदेशातल्या विहिरीत हिस्सा असला की देशाची गरज सुरक्षित होते का, हे विचारावेच लागते. सहा दशकांचा अनुभव सांगतो की ती आपोआप होत नाही. विहीर कुठे आहे, माल कोणत्या वाटेने निघतो, तो आपल्या बंदरात येईल असा खरेदी करार झाला आहे का आणि तिथल्या सरकारवर कोणाचा वरचष्मा आहे, यावर सारे ठरते. हिस्से विकत घेताना या प्रश्नांचा जेवढा खल व्हायला हवा तेवढा आपल्याकडे झालेला दिसत नाही. झाला असेल तर तो लोकांपुढे आलेला नाही.

गरज किती मोठी आहे ते आधी पाहू. भारत ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. २०२३-२४ मध्ये ही आयात २३ कोटी टनांच्या पुढे गेली आणि तिच्यासाठी १३ हजार कोटी डॉलरहून अधिक परकीय चलन मोजावे लागले. देशात निघते ते तीन कोटी टनांच्या आत. चाळीस वर्षांपूर्वीचे चित्र वेगळे होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तेलखोदाई फलाटाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले, १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून, म्हणजे आजच्या मुंबई हायमधून, उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्राखालच्या वाहिनीतून ते तेल उरणला येऊ लागले. १९८४-८५ मध्येही देशाचे उत्पादन आजच्याइतकेच, तीन कोटी टनांच्या आसपास होते. तेव्हा देशाची वर्षाची गरज मात्र चार कोटी टनांच्या आत होती. उत्पादन जागच्या जागी राहिले आणि गरज सहापट झाली. मुंबई हाय आता म्हातारे झाले आहे. त्यातून आणखी तेल काढता यावे म्हणून ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक सहकार्यासाठी नेमले. त्यातून उत्पादन वाढेल अशी आशा आहे, पण आयातीचा डोंगर त्याने फारसा खचणार नाही.

म्हणून परदेशात जाणे भागच होते, आणि भारत तिकडे लवकर गेला होता. १९६५ मध्ये इराणच्या समुद्रातल्या शोधासाठी 'हायड्रोकार्बन्स इंडिया' ही कंपनी काढण्यात आली. इटलीची आजिप, अमेरिकेची फिलिप्स आणि इराणची राष्ट्रीय तेल कंपनी यांच्यासोबत भारताला एक षष्ठांश हिस्सा मिळाला, रोस्तम आणि रक्ष ही क्षेत्रे सापडली, तेल निघाले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि नव्या राजवटीने परदेशी कंपन्यांचे करार मोडीत काढले. हाच अनुभव पुढे वेगवेगळ्या देशांत पुन्हा आला. हायड्रोकार्बन्स इंडियाचे नाव १९८९ मध्ये ओएनजीसी विदेश झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, कुवेतवरच्या आक्रमणाने तेल भडकून परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेले. तेलाचा भाव आणि देशाची पत यांचा संबंध किती थेट आहे, हे त्या वेळी साऱ्या देशाने अनुभवले.

खरी धावपळ सुरू झाली ती २००० नंतर. २००१ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडील सखालिन-१ प्रकल्पात ओएनजीसी विदेशने २० टक्के हिस्सा घेतला. प्रकल्पाची धुरा अमेरिकेच्या एक्झॉनमोबिलकडे होती. भारताची गुंतवणूक सुमारे १७० कोटी डॉलर होती आणि तोवर भारताने परदेशात इतकी मोठी रक्कम एका प्रकल्पात घातली नव्हती. हा प्रकल्प जवळून पाहण्यासारखा आहे. ओखोत्स्कचा समुद्र हिवाळ्यात गोठतो, बर्फाचे तुकडे वाऱ्याबरोबर सरकत राहतात. तिथे समुद्रात सगळीकडे फलाट उभारणे परवडत नाही, म्हणून बऱ्याच विहिरी किनाऱ्यावरच्या यंत्रापासून सुरू होतात, खाली उतरतात आणि मग समुद्रतळाखालून आडव्या दहा-अकरा किलोमीटर दूरच्या साठ्यापर्यंत पोहोचतात. लांब विहिरींचे जागतिक विक्रम याच प्रकल्पाने एकामागून एक केले. निघालेले तेल तातार सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या वाहिनीने द-कास्त्री बंदरात येते आणि बर्फात चालणाऱ्या टँकरमध्ये भरले जाते. २००५ मध्ये उत्पादन सुरू झाले. २००६ च्या अखेरीस सखालिनच्या तेलाचे जहाज मंगळूरच्या रिफायनरीसाठी आले. त्यानंतर मात्र भारताच्या वाट्याचे बहुतेक तेल पूर्व आशियाच्या बाजारातच विकले गेले. जवळचे गिऱ्हाईक चांगला भाव देत असताना ते मंगळूरपर्यंत ओढत आणण्यात व्यापारी शहाणपण नव्हते. कंपनीने योग्य तेच केले. पण 'भारताचे तेल' म्हणून ज्याचा उल्लेख संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत होत राहिला, ते भारतात क्वचितच आले.

सुदानचे तेल मात्र आले. तिथे तेल काढणाऱ्या कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीवर मायदेशी मानवाधिकार संघटनांचा मोठा दबाव होता. तेलक्षेत्रांच्या परिसरातून गावेच्या गावे उठवली जात होती आणि तेलाच्या पैशावर खार्टूमचे सैन्य पोसले जात होते, असा आरोप होता. टॅलिस्मनने काढता पाय घेतला आणि तिचा २५ टक्के हिस्सा २००३ मध्ये ओएनजीसी विदेशने सुमारे ७५ कोटी डॉलरला घेतला. उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक तेव्हा पेट्रोलियममंत्री होते आणि या खरेदीमागे त्यांनी आपले वजन उभे केले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुदानचे तेल मंगळूरला उतरले. हे 'नाईल ब्लेंड' तेल मेणचट असते, थंड झाले की घट्ट होते. दीड हजार किलोमीटरच्या वाहिनीतून ते लाल समुद्रावरच्या बंदरापर्यंत वाहते ठेवायचे तर गरम करत राहावे लागते. कंपनीने गुंतवलेला पैसा काही वर्षांत वसूल झाला. तेवढ्यापुरते पाहिले तर ही खरेदी यशस्वी होती.

पुढचे मात्र कोणाच्या हातात नव्हते. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला. बहुतेक विहिरी दक्षिणेत आणि वाहिनी व बंदर उत्तरेत, अशी वाटणी झाली. वाहतुकीच्या भाड्यावरून भांडण पेटले आणि जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने उत्पादनच बंद केले. ते सुरू होते न होते तोच डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी उसळली. उत्तरेत खार्टूम सरकारने भारतीय कंपनीच्या वाट्याचे तेल स्वतःकडे ठेवले आणि पैसे थकवले. प्रकरण लवादाकडे गेले. एप्रिल २०२३ पासून सुदानची दोन सैन्ये एकमेकांवर तुटून पडली आहेत. ज्या देशातून दुसरी कंपनी लोकांच्या हालअपेष्टांमुळे बाहेर पडते, तिथे स्वस्तात शिरण्यामागे एक धोका असतो. ज्या कारणाने हिस्सा स्वस्त झाला, तेच कारण पुढे अंगावर येते. शिवाय आपल्या पंपावरच्या इंधनासाठी दुसऱ्या देशातल्या गावकऱ्यांना देशोधडीला लागावे लागत असेल तर त्याचीही नोंद आपल्या हिशेबात असली पाहिजे.

आता सर्वांत महाग पडलेल्या खरेदीबद्दल. सायबेरियाच्या तोम्स्क भागात तेलक्षेत्रे असलेली इम्पीरियल एनर्जी ही ब्रिटिश कंपनी विकत घेण्याची बोली ओएनजीसी विदेशने ऑगस्ट २००८ मध्ये लावली. त्याच्या आदल्याच महिन्यात तेल बॅरलला १४७ डॉलरवर पोहोचले होते. डिसेंबरपर्यंत ते ४० डॉलरच्या खाली कोसळले. लंडनच्या नियमांप्रमाणे एकदा दिलेली बोली सहज मागे घेता येत नाही. जानेवारी २००९ मध्ये सुमारे २१० कोटी डॉलर मोजून व्यवहार पूर्ण झाला. नंतर कळले की तिथला खडक घट्ट आहे, त्यातून तेल सहज पाझरत नाही. उत्पादन अंदाजाच्या जवळपासही गेले नाही आणि महालेखापरीक्षकांनी कंपनीवर ताशेरे ओढले. भाव शिखरावर असताना सरकारी कंपन्या खरेदीला निघतात, कारण तेव्हाच महागाईची ओरड असते आणि मंत्र्यांना काहीतरी केल्याचे दाखवायचे असते. भाव पडले की सगळे हात आखडतात. खरेदीची वेळ मात्र तीच असते.

चीनशी झालेल्या चढाओढीत भारत वारंवार मागे पडला. २००४ मध्ये अंगोलातल्या एका क्षेत्रात शेलचा हिस्सा घेण्याचे ठरले होते. तिथल्या सरकारी कंपनीने आपला पहिला हक्क वापरला आणि हिस्सा चीनकडे गेला. चीनने अंगोलाला २०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले होते. २००५ मध्ये कझाकस्तानातली पेट्रोकझाकस्तान ही कंपनी चीनच्या सीएनपीसीने ४१८ कोटी डॉलरला घेतली, भारताची बोली मागे पडली. त्याच सुमारास नायजेरियातल्या आक्पो क्षेत्राचा हिस्सा जवळजवळ हाती आला होता. मंत्रिमंडळाला जोखीम मोठी वाटली, परवानगी नाकारली गेली आणि काही दिवसांतच चीनच्या सीएनओओसीने तो घेतला. २००९ मध्ये आक्पोतून तेल निघू लागले. कॅस्पियन समुद्रातल्या काशागानचा किस्सा तर अधिक बोलका आहे. कोनोकोफिलिप्सचा ८.४ टक्के हिस्सा ५०० कोटी डॉलरला घेण्याचा करार ओएनजीसी विदेशने नोव्हेंबर २०१२ मध्ये केला. २०१३ मध्ये कझाक सरकारने तो हिस्सा स्वतः घेतला आणि चीनला दिला.

या पराभवांवर हळहळण्यात अर्थ नाही. चीनजवळ पैसा अधिक आहे हे खरे, पण तो पैसा कर्ज, रेल्वे, बंदर आणि वाहिनी असा एकत्र बांधून दिला जातो. भारताची तेल कंपनी एकटी जाते. तिच्यामागे परराष्ट्र खाते, आयात-निर्यात बँक, रेल्वे आणि जहाजबांधणी एकदिलाने उभी राहिलेली क्वचितच दिसली. मणिशंकर अय्यर पेट्रोलियममंत्री असताना चीनशी भांडण्याऐवजी मिळून बोली लावण्याचा प्रयोग झाला. सीरियातला एक हिस्सा २००५ च्या अखेरीस आणि कोलंबियातला २००६ मध्ये दोन्ही देशांच्या कंपन्यांनी मिळून घेतला. सीरियातला हिस्सा पुढे निर्बंधांत आणि युद्धात गेला. प्रयोगाची दिशा चुकीची नव्हती, पण तो वाढला नाही.

इराणमधल्या फरजाद-बीचे दुःख सर्वांत मोठे आहे. पर्शियन आखाताच्या त्या टापूत २००२ मध्ये भारतीय कंपन्यांनी करार केला, सुमारे १० कोटी डॉलर खर्चून २००८ मध्ये प्रचंड वायुसाठा शोधून काढला. शोध भारताचा, पण उत्पादनाचा करार वर्षानुवर्षे अटींच्या घासाघिशीत आणि अमेरिकी निर्बंधांच्या धाकात अडकला. मे २०२१ मध्ये इराणने तो आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला देऊन टाकला. व्हेनेझुएलात सान क्रिस्तोबाल क्षेत्रात ओएनजीसी विदेशचा ४० टक्के हिस्सा आहे, पण सुमारे ६० कोटी डॉलरचा लाभांश वर्षानुवर्षे अडकून पडला.

मग आला रशियाचा नवा अध्याय. २०१६ मध्ये भारतीय सरकारी कंपन्यांनी मिळून सायबेरियातल्या व्हांकोर क्षेत्रात ४९.९ टक्के आणि तास-युर्याखमध्ये २९.९ टक्के हिस्सा घेतला. तेल तिथून भारतात आणण्याचा विचार मुळातच नव्हता, उत्पन्नाचा होता आणि ते चांगले मिळतही होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनयुद्ध सुरू झाले. एक्झॉनमोबिल सखालिनमधून बाहेर पडली, टँकरचा विमा आणि वाहतूक अडली, उत्पादन काही महिने जवळजवळ ठप्प झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियाने फर्मान काढून प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे सोपवला. भारताचा २० टक्के हिस्सा टिकला, पण लाभांशाचे कोट्यवधी डॉलर रशियातल्या बँकेत अडकले. २०२३ च्या अखेरीस तर सखालिनचे सोकोल तेल इंडियन ऑइलसाठी घेऊन निघालेले अनेक टँकर पैसे चुकते करण्याच्या अडचणीमुळे समुद्रातच थांबले आणि काही दुसरीकडे वळले. ज्या प्रकल्पात आपली पाचव्या हिश्शाची मालकी, त्याचे तेल विकत घेऊनही हाती लागेना.

नेमक्या याच काळात बाजारातून घेतलेल्या रशियन तेलाने भारताला हात दिला. २०२२ पूर्वी आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो दीड-दोन वर्षांत एक तृतीयांशावर गेला. त्यासाठी एकाही विहिरीची मालकी लागली नाही. घासाघीस करणारे खरेदीदार, हरतऱ्हेचे तेल पचवणाऱ्या रिफायनऱ्या आणि दबावाला न जुमानणारी भूमिका एवढे पुरले. यावरून काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की परदेशी विहिरींचा हव्यास सोडावा आणि तो पैसा इतरत्र लावावा. या मताला वजन आहे, पण ते अर्धेच खरे आहे. बाजारही कोणाच्या तरी परवानगीने चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचे कारण देऊन भारतीय मालावर २५ टक्के जादा आयात शुल्क लादले आणि ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्त व लुकॉइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध आणले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इस्रायल-इराण युद्धाने होर्मुझची सामुद्रधुनी बंद होण्याची भीती निर्माण केली होती. जगाच्या वापरातल्या तेलाचा पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या पट्टीतून जातो.

परदेशी हिश्शाचा उपयोग किती, हे साध्या हिशेबाने कळते. तेल बॅरलमागे १० डॉलरने महागले तर भारताचा आयातखर्च वर्षाला सुमारे १,७०० कोटी डॉलरने वाढतो. भाव वाढले की परदेशी विहिरींचे उत्पन्नही वाढते, म्हणून तो हिस्सा विम्यासारखा काम करतो, असे सांगितले जाते. तत्त्व बरोबर आहे. पण ओएनजीसी विदेशचे तेल आणि वायू मिळून वर्षाचे उत्पादन एक कोटी टनांच्या आसपास आहे. सगळ्याला तेलाचाच भाव मिळाला असे धरले तरी त्यावर कर वजा जाण्याआधी ७०-७५ कोटी डॉलर जास्त मिळतील. हजाराचे नुकसान आणि चाळीस-पंचेचाळीसची भरपाई, असा हा विमा आहे. ओएनजीसीने आपल्या २०३० च्या आराखड्यात परदेशी उत्पादनाचे लक्ष्य ठेवले होते ते २०१८ पर्यंत दोन कोटी टन आणि २०३० पर्यंत सहा कोटी टन. त्या लक्ष्याचे काय झाले, याची जाहीर चर्चा कुठे झालेली आठवत नाही.

जपानही याच वाटेने ठेचा खात गेला. जपानच्या अरेबियन ऑइल कंपनीने १९६० मध्ये सौदी-कुवेत सीमेजवळ खाफजी क्षेत्र शोधले आणि चाळीस वर्षे त्यातून तेल नेले. २००० मध्ये सौदीने तेल काढण्याच्या हक्काची मुदत वाढवून दिली नाही आणि सौदीच्या बाजूचे तेल हातचे गेले. इराणच्या आझादेगानमधला ७५ टक्के हिस्सा अमेरिकी दबावामुळे आधी १० टक्क्यांवर आणि २०१० मध्ये शून्यावर आला. तरी जपानने नाद सोडला नाही. आयातीतले किती तेल आणि वायू जपानी हिश्शातून येतात याचे प्रमाण तिथले सरकार मोजते, २०३० साठी ५० टक्क्यांहून अधिक असे उद्दिष्टही जाहीर केले आहे. खासगी कंपन्यांच्या जोखमीत सरकारी संस्था भागीदार होते. आणि हे करताना त्यांनी तेलाचे साठेही भरून ठेवले.

भारताने साठ्यांकडे उशिरा लक्ष दिले. विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळचे पादूर इथे जमिनीखाली खडक कोरून केलेल्या गुहांत मिळून ५३ लाख टन तेल मावते. या गुहांना पोलादी अस्तर नाही. भोवतालच्या खडकातल्या पाण्याचा दाब तेलाला बाहेर झिरपू देत नाही, म्हणून तो दाब राखण्यासाठी वरून पाणी सोडत राहावे लागते. पण हा साठा देशाला साडेनऊ दिवस पुरेल एवढाच आहे. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून ७४ दिवसांची सोय होते, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना ९० दिवसांचा साठा बंधनकारक असतो. एप्रिल-मे २०२० मध्ये तेल मातीमोल झाले तेव्हा या गुहा सरासरी १९ डॉलरच्या भावाने भरल्या गेल्या आणि सरकारच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ५ हजार कोटी रुपये वाचले. तेवढ्या दिवसांत जास्त तेल भरता आले नाही, कारण जागाच नव्हती. ओदिशातल्या चंडीखोल आणि पादूरच्या वाढीव गुहांना जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांना उशीर लावणे परवडणारे नाही.

परदेशी गुंतवणुकीत काय जमू शकते याची चांगली उदाहरणेही आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ओएनजीसी विदेश, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोरिसोर्सेस यांनी मिळून अबूधाबीच्या लोअर झाकुम क्षेत्रात १० टक्के हिस्सा ६० कोटी डॉलरला घेतला. मुदत ४० वर्षांची, क्षेत्र आधीपासून चालू, वाट्याला वर्षाला सुमारे २० लाख टन तेल, आणि अबूधाबी ते भारताचा पश्चिम किनारा हे अंतर टँकरला काही दिवसांचे. अबूधाबीचे तेल मंगळूरच्या गुहांतही साठवले जाते. उणीव एकच. हे तेल दास बेटावरून निघते आणि होर्मुझमधूनच येते.

ती उणीव मोझांबिकमध्ये नाही. रोवुमा खोऱ्यातल्या समुद्री वायुक्षेत्रात भारतीय कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. त्यात मुंबईतून कारभार चालवणारी भारत पेट्रोरिसोर्सेस सुरुवातीपासून आहे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनकडे असलेला १० टक्के हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी सुमारे २५० कोटी डॉलरला घेतला. भारत पेट्रोलियमने तिथून वर्षाला १० लाख टन द्रवरूप वायू घेण्याचा करारही केला आहे. मालकी, खरेदी करार आणि मोकळी सागरी वाट अशी तिन्ही अंगे इथे जुळतात. मोझांबिक ते दाभोळ या वाटेवर होर्मुझ नाही, मलाक्का नाही, सुएझ नाही. संकट मात्र दुसऱ्याच बाजूने आले. मार्च २०२१ मध्ये दहशतवाद्यांनी पाल्मा शहरावर हल्ला केला, काबो देल्गादो प्रांतातले लाखो लोक विस्थापित झाले आणि प्रकल्प चालवणाऱ्या फ्रान्सच्या टोटल कंपनीने काम थांबवले. २०२४ मध्ये निघायचा वायू आता २०२९ मध्ये निघेल असे सांगितले जाते. स्थानिकांना रोजगार, शाळा, दवाखाने आणि जमिनीचा रास्त मोबदला मिळाल्याशिवाय हा प्रकल्प टिकणार नाही. भागीदार म्हणून भारताने त्याचा आग्रह धरावा. रत्नागिरीतल्या नियोजित रिफायनरीबद्दल बारसू आणि नाणारच्या गावकऱ्यांनी जे प्रश्न विचारले तेच प्रश्न पाल्माचे मच्छीमार विचारत आहेत, आणि त्यांना उत्तर मिळणे हा सुरक्षेचाच भाग आहे.

यापुढे खरेदीआधी काही गोष्टी पक्क्या हव्यात. हिस्सा उत्पन्नासाठी घेतो आहोत की मालासाठी, हे स्पष्ट लिहिले जावे. मालासाठी असेल तर खरेदी करार आणि जहाजाची वाट त्याच कागदावर असावी. उत्पन्नासाठी असेल तर लाभांश कोणत्या चलनात, कोणत्या बँकेतून बाहेर येणार, हे आधी ठरावे. भाव पडलेले असताना खरेदीसाठी वेगळा निधी राखून ठेवावा. दोन-पाच टक्क्यांचा हिस्सा घेऊन दुसऱ्याच्या निर्णयांची वाट पाहण्यापेक्षा, जिथे जमेल तिथे क्षेत्र स्वतः चालवायला घ्यावे. मुंबई हायवर पन्नास वर्षांत तयार झालेली माणसे आणि पनवेलमधल्या ओएनजीसीच्या संशोधन संस्था ही त्यासाठीची खरी पुंजी आहे आणि तिचा वापर पुरेसा होत नाही.

या सगळ्याची सुरुवात हिशेबापासून व्हायला हवी. प्रत्येक परदेशी क्षेत्रात किती पैसा गेला, किती परत आला, किती अडकला आणि किती तेल वा वायू प्रत्यक्ष भारतात उतरला, याचा क्षेत्रवार अहवाल पेट्रोलियम मंत्रालयाने दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. हा पैसा सरकारी कंपन्यांचा, म्हणजे लोकांचा आहे. मुंबई हाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर आहे, उरण, माहुल आणि दाभोळ ही तेल-वायूची केंद्रे महाराष्ट्रात आहेत, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमची मुख्यालये मुंबईत आहेत. येत्या अधिवेशनात हा अहवाल मागण्यासाठी महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून उभे राहावे.